स्क्रीन दिसत नाही, तरी फ्रेम चुकायची नाही



आज विषय मोबाईलचा आहे. आपल्या बंदरावर आता बोट तिथे एक तरी व्लॉगवाला असतोच. जाळं टाकताना व्हिडिओ, ओढताना व्हिडिओ, लिलावाला व्हिडिओ, घरी कालवण रटरटताना व्हिडिओ. चांगलंच आहे. आपलं काम आपल्या तोंडून जगाला कळतंय. पण सोसायटीच्या ग्रुपवर जे व्हिडिओ येतात, त्यातल्या बऱ्याच जणांत बोलणाऱ्याचं अर्धं डोकं कापलेलं असतं. कुठे नुसतं आभाळ दिसतं, कुठे बोलणारा राहिला बाजूला आणि मधोमध बर्फाचा टप!

कारण एकच. व्हिडिओ काढताना स्क्रीन दिसत नाही. मागचा कॅमेरा आपल्याकडे वळवला की स्क्रीन पलीकडे जाते. पुढचा कॅमेरा वापरावा तर दुपारच्या उन्हात स्क्रीन काळीठिक्कर. ऊन अडवणारा पोलराइज्ड चष्मा घातला असेल तर मोबाईल एका कोनात धरल्यावर स्क्रीन पार विझल्यासारखी वाटते. मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये असतो, वर खारं पाणी उडालेलं, बोटं ओली. आणि छातीला बांधलेल्या छोट्या कॅमेऱ्याची स्क्रीन तर दिसणारच कशी?

मग करायचं काय? आमचं म्हणणं साधं आहे. न दिसणाऱ्या गोष्टीचं माप घ्यायचं आणि खूण धरायची, हे दर्यावरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पाण्याखालचा तळ आपल्याला कुठे दिसतो? दोराला शिसं बांधून वाव मोजूनच आपल्या आज्या-पणज्यांनी तळ ओळखला. जाळं टाकलेली जागा पाण्यावर लिहून ठेवता येत नाही. किनाऱ्यावरचा डोंगर आणि देऊळ एका रेषेत धरूनच ती परत सापडवायची. तोच हिशोब इथे लावायचा.

हे काही आजचं दुखणं नाही

स्वतःला न बघता स्वतःचा फोटो काढणं हे कॅमेऱ्याइतकंच जुनं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसाने १८३९ साली आपल्या दुकानामागे कॅमेरा मांडला, भिंगावरचं झाकण काढलं, धावत समोर गेला आणि हलला नाही. तो फोटो आजही जपलेला आहे. आणि गंमत बघा, त्यात तो मधोमध नाही, थोडा बाजूलाच आलाय! म्हणजे आपल्या पोरांचं जे होतं तेच.

आपल्या देशात त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांनी साधारण १८८० मध्ये महाराणी मनमोहिनी यांच्यासोबत स्वतःच स्वतःचा फोटो काढला. कॅमेऱ्यापर्यंत लांब तार नेली होती आणि कळ महाराजांच्या हातात होती. आजच्या रिमोटचीच ही आजी म्हणायची.

पुढे १९८३ मध्ये जपानच्या मिनोल्टा कंपनीने एका छोट्या कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला गोल आरसा बसवला आणि धरायला लांबणारी काठीही दिली. आजच्या सेल्फी स्टिकचा तो पूर्वज. आपल्यातल्या चाळिशीपुढच्यांना बटणांचे मोबाईल आठवत असतील. त्यातल्या काहींना मागच्या कॅमेऱ्याशेजारी एवढासा चकचकीत गोल आरसा असायचा, तो त्याचसाठी. आयफोनला पुढचा कॅमेरा आला २०१० मध्ये. गोप्रोच्या कॅमेऱ्याला पुढच्या बाजूला चित्र दाखवणारी स्क्रीन मिळाली २०२० मध्ये, तोवर लोक अंदाजानेच काम चालवत होते. म्हणजे स्क्रीन न बघता साधण्याची विद्या आधीची आहे, स्क्रीन नंतर आली.

उज्जैनचा टावर चौक

आता तुम्ही विचाराल, हा सराव आम्ही केला कुठे? तर उज्जैनला!

१ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी. एकसष्ट दिवस बोटी वर ओढलेल्या. जाळी विणून झाली, बोटीला रंग लागला, की आपल्याकडची मंडळी यात्रेला निघतात हे काही नवीन नाही. आम्हीही निघालो. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस धरली की सकाळी उज्जैन. महाकाल बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, म्हणजे आपल्या मराठी माणसाचं नातं तिथे जुनं आहे. तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे बंदीच्या दिवसांत गेलं तरी श्रावणातलं दर्शन पदरात पडू शकतं.

पण देवळात मोबाईल चालत नाही. डिसेंबर २०२२ पासून तिथे मोबाईलला बंदी आहे, आणि ते बरंच आहे, दर्शन तरी डोळ्यांनी होतं. आमच्याबरोबरच्या पोरांचे हात मात्र शिवशिवत होते. म्हणून संध्याकाळी जुन्या शहरातून रेल्वेच्या पुलावरून पलीकडे फ्रीगंजात गेलो. तिथे टावर चौक आहे. चौकात घड्याळाचा टॉवर, चारी बाजूंनी गाड्या, रिक्षा, खाण्याच्या गाड्या आणि माणसांची ही गर्दी. एक तांडेल टॉवरकडे बघून म्हणाला, "हा तर दीपस्तंभच आहे, फक्त पाणी नाही."

तिथेच ठरवलं. प्रत्येकाने टॉवर मागे धरून स्वतःचा व्हिडिओ काढायचा, मागच्या कॅमेऱ्याने, स्क्रीन न बघता. चेहरा हवा, टॉवरवरचं घड्याळ हवं, आणि बोलणं ऐकू आलं पाहिजे. मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेने काढायचं आणि मग चाट खाता खाता सगळ्यांनी मिळून बघायचं. त्या सरावातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर मांडतोय.

पहिलं माप: वाव

दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. हे माप आपल्या अंगातच आहे, फूटपट्टी लागत नाही.

बहुतेक मोबाईलचा मागचा मुख्य कॅमेरा (स्क्रीनवर "१" लिहिलेला) एवढं धरतो:

मोबाईल आडवा ठेवून एक वाव लांब उभे राहिलात, तर फ्रेमची रुंदी एका वावेपेक्षा थोडी जास्त असते आणि उंची चार-साडेचार फूट. म्हणजे डोक्यापासून कमरेखालपर्यंत तुम्ही, आणि दोन्ही बाजूंना हात हलवायला जागा.

मोबाईल उभा ठेवून एक वाव लांब उभे राहिलात, तर रुंदी चार-साडेचार फूट आणि उंची वावेच्या वर. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो, पण बाजूला दुसरा माणूस घेतलात तर खांदे घासतील.

आणि हातात धरला तर? हात लांब केला तरी मोबाईल तोंडापासून दोन फुटांवर. मोबाईल उभा असेल तर फ्रेमची रुंदी जेमतेम दीड फूट. म्हणजे चेहरा आणि खांदे, संपलं. मनगट तसूभर वळलं की कान गेला, अजून वळलं की अर्धा चेहरा. हातात धरून काढलेल्या व्हिडिओत डोकी कापली जातात ती यामुळे. यात माणसाचा दोष नाही, जागाच तेवढी असते.

हातातच धरायचा असेल तर "०.५" वाला रुंद कॅमेरा निवडा. त्यात रुंदी जवळजवळ दुप्पट होते. कडेची माणसं थोडी ताणल्यासारखी दिसतात आणि अंधारात हा कॅमेरा कमी पडतो, पण दिवसा फ्रेम हुकत नाही.

चौकात हे अगदी स्पष्ट दिसलं. हातात धरून काढलेल्यांत टॉवर डोक्यामागे लपला. छोट्या स्टँडवर, छातीच्या उंचीला, एक वाव लांब ठेवून काढलेल्यात खांद्यावरून घड्याळ दिसत होतं.

दुसरं माप: उंच वस्तूचं

मागे टॉवर, डोलकाठी, दीपस्तंभ असं काही पूर्ण दाखवायचं असेल तर मोबाईल उभा धरा आणि त्या वस्तूच्या उंचीच्या दुप्पट लांब राहा. मग मोबाईल वाकडा न करता ती वस्तू पूर्ण मावते.

टावर चौकात तेवढं लांब जायचं तर रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागलं असतं. म्हणून आम्ही फूटपाथच्या कडेलाच थांबलो आणि टॉवरचा वरचा भाग तेवढा धरला. पूर्ण टॉवरचा मोह सोडला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे बोटीवर तिचंच काम आहे.

खूण: तीन गोष्टी एका रेषेत नकोत

दर्यात जागा सापडवायला आपण दोन खुणा एका रेषेत आणतो. इथे उलटं आहे. मोबाईल, तुमचं डोकं आणि मागची वस्तू एका रेषेत आली की डोकं ती वस्तू झाकतं. म्हणून मोबाईल जागेवर ठेवून तुम्ही अर्धं पाऊल बाजूला व्हा. चेहरा एका बाजूला, टॉवर दुसऱ्या बाजूला.

मोबाईल आपल्याकडे नीट बघतोय की नाही हे स्क्रीन न बघता कसं कळणार? मोबाईलच्या कडा बघा. त्याची डावी किंवा उजवी बाजूची कड दिसत असेल तर तो तिरका आहे. दोन्ही कडा दिसेनाशा झाल्या, फक्त सपाट पाठ दिसते, म्हणजे तो सरळ तुमच्याकडे तोंड करून आहे.

आणि उभं राहायची जागा आधीच ठरवा. सोबत कोणी असेल तर त्याला तिथे उभं करून स्क्रीनवर बघून घ्या आणि त्याच्या पायाशी खूण करा. एकटे असाल तर तिथे पिशवी, टप, डबा असं काही ठेवून बघा. चौकात आम्ही पिशवी ठेवली होती. बोटीवर फळीवर रंगीत चिकटपट्टीची फुली मारा. स्टँडला वावभर सुतळी बांधून टोकाला गाठ मारलीत तर अजून सोपं. गाठ हातात आली की अंतर बरोबर, मग सुतळी सोडून द्या आणि बोला. माप एकदा जुळलं की मोबाईलच्या स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा, बऱ्याच मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. मग मागून कोणी गेलं तरी तुमचा चेहरा धूसर होत नाही.

आरसा, दुसरा मोबाईल आणि आवाज

गाडीच्या आरशावर चिकटवायचा छोटा गोल फुगीर आरसा बाजारात स्वस्तात मिळतो. तो मोबाईलच्या पाठीवर, कॅमेऱ्याच्या खाली चिकटवा. फुगीर आरशात कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणून एकदा ताळा करून घ्या. फ्रेमच्या कडेला कोणाला तरी उभं करा, तो आरशात जिथे दिसतो तिथे बारीक पट्टी चिकटवा. पट्ट्यांच्या आत तुम्ही दिसलात की फ्रेममध्ये आलात. घरी चुलीपुढे मसाल्याने हात भरलेल्या मावशींना हा आरसा फार उपयोगी पडतो. मोबाईल फळीवर आणि कढई आरशात.

काही घड्याळांवर मोबाईलच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, ॲपल वॉचवर ही सोय सुरुवातीपासून आहे. गोप्रोसारख्या कॅमेऱ्याचं चित्र ॲपमधून मोबाईलवर येतं. हे सगळं जवळच्या अंतरात चालतं. बंदरावर आणि घरी ठीक, लाटेत त्याच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट मात्र आम्हाला फार आवडली. ज्यांना डोळ्यांनी दिसतच नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न केव्हाच सोडवायला घेतलेला आहे. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर चालू केलं की कॅमेरा बोलून सांगतो, किती चेहरे आहेत आणि कुठे आहेत. गुगलने २०२२ मध्ये पिक्सेल ७ बरोबर "गाइडेड फ्रेम" आणलं. मोबाईल कुठे सरकवायचा ते तो आवाजाने सांगतो. आधी सेल्फीपुरतं होतं, पुढच्या वर्षीच्या मोबाईलमध्ये मागच्या कॅमेऱ्यालाही आलं. दृष्टी नसलेल्यांसाठी केलेली सोय भर उन्हात डोळे दिपलेल्या खलाशालाही कामाला येऊ शकते. ज्याच्याकडे असे मोबाईल आहेत त्याने सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघावं.

छोट्या पण मोलाच्या गोष्टी

तीन भिंगांचा मोबाईल असेल तर चालू भिंग कोणतं ते आधी ओळखा. एकेकावर बोट ठेवा, ज्याने स्क्रीन काळी होते ते चालू. व्हिडिओभर बोट आडवं येण्याचा धोका टळतो.

भिंग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा. कोरड्याने घासलंत तर मिठाचा कण ओरखडा काढतो.

पाऊचमध्ये ओल्या बोटाने स्क्रीन दाबली जात नाही. बऱ्याच मोबाईलमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने रेकॉर्डिंग सुरू होतं. घरी करून बघा.

मोबाईलमध्ये सोय असेल तर ४के मध्ये काढा. त्यात चित्र ३८४० बाय २१६० ठिपक्यांचं असतं, साध्या एचडीचं १९२० बाय १०८०. म्हणजे लांबीत आणि उंचीत दोन्हीकडे दुप्पट. थोडं लांबून, मोकळी जागा ठेवून काढा आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्या. जागा मात्र जास्त खातं, मोबाईल रिकामा करून ठेवा.

आधी दहा सेकंदांचा नमुना काढून बघा, मग पुढचं. चौकात एवढं एक पाळलं त्यांचं काम सगळ्यात लवकर उरकलं.

आणि स्क्रीन दिसत नाही याचा एक फायदाही आहे. पुढच्या कॅमेऱ्याने काढताना माणूस स्वतःलाच बघत बसतो, नजर भिंगाच्या बाजूला जाते. मागच्या कॅमेऱ्यापुढे बघायला दुसरं काहीच नसतं, म्हणून नजर भिंगात राहते. बघणाऱ्याला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय.

हे सगळं कशासाठी? पहिलं कारण जिवाचं

टावर चौकात फ्रेम साधायला एक पोरगा बोलता बोलता मागे सरकत गेला. नजर मोबाईलवर आणि पाठीमागे स्कूटर. सोबतच्याने हात धरून ओढलं, स्कूटरवाल्याने दोन शब्द सुनावले, विषय संपला. चौकात माणूस मागे सरकला तर फूटपाथवरून खाली येतो. बोटीवर मागे सरकला तर कुठे जाईल, हे आम्ही सांगायला नको.

बोटीवर मागे दोर आहेत, विंच आहे, उघडा खण आहे, ओली फळी आहे आणि काठ आहे. जाळं सुटत असताना दोराचा फास पायात अडकायला क्षण पुरतो. त्या क्षणी स्क्रीनवर बघणारा माणूस दोर बघत नसतो.

म्हणून आमचा एकच नियम. फ्रेमसाठी माणूस हलणार नाही, हलवायचा तर मोबाईल हलवा, आणि तोही काम सुरू व्हायच्या आधी. केबिनला किंवा डोलकाठीला मोबाईल घट्ट बांधा, जाळं ओढायची जागा फ्रेममध्ये येते का ते बोट बंदरात असतानाच बघा, फुली मारा. मग दर्यात फक्त बटण दाबायचं आणि विसरून जायचं. दोन्ही हात कामाला, नजर दोरावर, अंगात लाइफ जॅकेट. चौकात पूर्ण टॉवरचा मोह सोडला तसा इथेही सोडायचा. अर्धं जाळं दिसलं तरी चालेल, माणूस पूर्ण घरी आला पाहिजे.

तांडेलांनाही विनंती आहे. सुकाणू ज्याच्या हातात, त्याने व्हिडिओ काढायचा नाही. आणि व्लॉगच्या नादात बोटीवरचे सगळे मोबाईल उतरवून बसू नका. एक भरलेला मोबाईल कोरडा, बाजूला ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ सगळ्यांना पाठ हवा. खोल दर्यात मोबाईलला रेंज नसते, तिथे व्हीएचएफचं १६ नंबर चॅनेल.

दुसरं कारण जाळ्याचं

जाळ्यात कधी कासव येतं, कधी डॉल्फिन, कधी व्हेल शार्क. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यांना संरक्षण आहे, व्हेल शार्कला २००१ पासून. सोडायचं तर पुष्कळदा जाळं कापावं लागतं, आणि जाळ्याची किंमत काय असते ते ज्याचं जाळं त्यालाच कळतं. म्हणून राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या साथीने डिसेंबर २०१८ मध्ये योजना सुरू केली. संरक्षित जीव सोडताना जाळं कापावं लागलं तर कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पण त्याला पुरावा लागतो, फोटो किंवा व्हिडिओ.

आता विचार करा. तीन-चार माणसांची बोट, सगळे हात जाळ्यावर, कासव फडफडतंय, ऊन डोक्यावर, स्क्रीन दिसत नाहीये. अशा वेळी घाईने काढलेल्या व्हिडिओत नुसतं आभाळ आलं, तर जाळंही गेलं आणि पुरावाही गेला. इथे चुकलेली फ्रेम म्हणजे थट्टेचा विषय नाही, घरातला पैसा आहे.

ज्यांनी बंदरात मोबाईल बांधून, माप जुळवून ठेवलाय त्यांना त्या वेळी फक्त बटण दाबायचं असतं. आमचा सल्ला असा: जाळ्यात अडकलेला जीव, जाळं कापताना, आणि जीव पाण्यात जाताना, हे तिन्ही एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या. कापलेलं जाळं नंतर पसरून एक वाव लांबून दाखवा. बोटीचा नोंदणी क्रमांकही त्याच व्हिडिओत दिसू द्या. तारीख-वेळ तोंडाने बोला, बोललेलं पुसलं जात नाही. अर्जाचा नमुना आणि बाकीची कागदपत्रं बंदी संपायच्या आधीच मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून ठेवा.

आणि एक. व्हिडिओसाठी त्या जिवाला ताटकळत ठेवू नका, उचलून मिरवू नका. ते कायद्यात बसत नाही आणि आपल्या रीतीतही बसत नाही. आधी जीव सुटला पाहिजे. माप आधी जुळवलेलं असेल तर दोन्ही होतं.

बंदीचे दिवस सरावाचे

हे सगळं शिकायला उज्जैनला जायलाच हवं असं नाही. तुमच्या गावातलं देऊळ, बंदरावरचा दिव्याचा खांब, वर ओढलेल्या बोटीची डोलकाठी, काहीही टॉवर समजा. वाव मोजा, पिशवी ठेवा, अर्धं पाऊल बाजूला व्हा, मोबाईलची पाठ सपाट दिसतेय ना बघा, दहा सेकंदांचा नमुना काढा. दोन संध्याकाळी पुरतात. पोरांनी मावशींना शिकवावं, आणि वाव म्हणजे काय ते जुन्या तांडेलांनी पोरांना शिकवावं. पोरांच्या हातात मोबाईल आहे, पण माप अजून म्हाताऱ्यांच्या हातात आहे.

नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊन बोटी उतरतील, तेव्हा प्रत्येक बोटीवर मोबाईलची जागा ठरलेली आणि फळीवर फुली मारलेली असू द्या. बटण दाबा, स्क्रीन विसरा, आणि नजर दर्यावर ठेवा.